युनूसचाचांची झांज

आमच्या अम्मीला, म्हणजे माझ्या सासूला, रिकामं बसवत नाही. हा तिचा गुण आहे असं अख्खं बाणकोट म्हणतं. म्हणणाऱ्यांचं काय जातंय? व्हिजिट व्हिसावर तिला रियाधला आणा, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तिच्याबरोबर नांदून दाखवा, मग बोला. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने माझे सगळे डबे फळीवरून उतरवले. मग तवा धरला. घासून घासून असा लखलखीत केला की त्याच्यावर भाकरी चिकटायला लागली. मी म्हटलं, "अम्मी, तव्याला जरा काळं राहू दे." तर म्हणते कशी, "घाण राहू दे म्हणणारी सून मी पयल्यांदाच बघतंय गो." लग्नाला सोळा वर्षं झाली माझ्या. या बाईच्या तोंडून 'माझं चुकलं' एवढं मी एकदाही ऐकलेलं नाही, आणि ते ऐकायची मला केवढी हौस होती ते माझं मला ठाऊक.

पण सांगायचंय ते युनूसचाचांचं.

अल मलाझमधली आमची बिल्डिंग जुनी. लिफ्ट आहे, पण चालत नाही. आमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर चाचा एकटे राहतात. उंच, काळे, पांढरी दाढी, वय ऐंशीला टेकलेलं, आणि अमेरिकन. हो, अमेरिकन. मी ज्या पॉलिक्लिनिकमध्ये रिसेप्शनला बसते तिथे ते बीपी तपासायला यायचे. पहिल्यांदा पासपोर्ट बघून मी विचारलंच, "चाचा, अमेरिका सोडून इथे कुठे?" सगळी दुनिया तिकडे जायला धडपडतेय आणि हा माणूस उलटा आलेला. ते हसले. म्हणाले, "मोठी गोष्ट आहे बेटी. चहा पाजलास तर सांगेन." तेव्हापासून शुक्रवारचा, अस्रच्या नमाजानंतरचा चहा आमच्याकडे. माझ्याशी ते इंग्रजीत बोलत, आणि इसहाकशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, मोडक्यातोडक्या हिंदीत. एवढी वर्षं आपल्या लोकांत काढल्यावर तेवढी यायचीच.

बोलताना त्यांची बोटं कधी गप्प बसत नसत. टेबल असो, कप असो, स्वतःचा गुडघा असो, टक टका टक चालूच. मला आधी वाटलं, म्हातारपणाचा कंप आहे. कसला कंप! तो माणूस ड्रम वाजवणारा होता. साधासुधा नव्हे, एकेकाळी नाव असलेला.

त्यांचं मूळ नाव यूजीन टेट. डेट्रॉइट हे मोटारींचं शहर, बाप मोटारीच्या कारखान्यात, आई चर्चमध्ये गाणारी. पोरगा चर्चमध्येच ड्रम शिकला आणि एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कला पळाला. जॅझ म्हणतात त्या संगीतातला ड्रमवाला म्हणजे घरातली कर्ती बाई. तिच्याकडे कोणी बघत नाही, पण ती चुकली की सगळ्यांचं जेवण बिघडतं. हे माझं म्हणणं हं; चाचांना ते इतकं आवडलं की पुढे तेच सगळ्यांना सांगायचे. मोठमोठ्या बँडबरोबर ते पॅरिस, कोपनहेगन, टोकियो फिरले. चार रेकॉर्डवर त्यांचं वाजवणं आहे. एकीच्या कव्हरवर फोटोही आहे, कडेला अर्धा कान कापला गेलेला. लोरेन नावाच्या गायिकेशी लग्न झालं, नाओमी नावाची मुलगी झाली. स्वतःच्या नावाची रेकॉर्ड निघायचं ठरलं होतं.

पण आजूबाजूला सगळे नशेच्या सुया टोचून घेत होते, आणि चाचाही घेत होते. एका हिवाळ्यात त्यांचे तीन दोस्त त्या सुईपायी मेले. तिसऱ्याला पुरून आल्यावर चाचा घरी न जाता मशिदीत गेले आणि कलमा पढून यूजीनचे युनूस झाले. "मी जिवंत आहे तो कलम्यामुळे. त्याला कोणी नावं ठेवायची नाहीत," असं ते नेहमी आधीच बजावून टाकत. मग कोणी सांगितलं, वाजवणं हराम. कोणी सांगितलं, तसं काही नाही. चाचांनी त्यातल्या सगळ्यात कडक माणसाचं ऐकलं. बुडता बुडता वाचलेला माणूस पाण्याच्या वाऱ्याला उभा राहत नाही, तसलंच ते. ड्रम विकले, रेकॉर्डच्या तारखेला गेले नाहीत. लोरेनचं आणि त्यांचं फाटलं. इंग्रजी शिकवायची नोकरी धरून ते आले ते थेट सौदीत, आधी हफ्र अल बातिनला, मग रियाधला. नाओमी तेव्हा तीन-चार वर्षांची. आता रिटायर होऊनही जमाना झाला, पण त्यांचा कफील, म्हणजे व्हिसाला जामीन राहणारा सौदी, हा त्यांचाच जुना विद्यार्थी. गुरूला परत कसं पाठवू म्हणून इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रिन्यू करत राहतो बिचारा.

सगळं विकलं, एक वस्तू तेवढी विकवली नाही. ड्रमच्या बाजूला दांड्यावर असते ना ती मोठी झांज, ती. कस्टमवाल्याने विचारलं, हे काय, तर चाचांनी सांगितलं की हे माझ्या पातेल्याचं झाकण. पुढे घरमालकालाही तेच, शेजाऱ्यांनाही तेच. आमच्या इसहाकनाही तेच. खरं काय ते मला तेवढं सांगितलं, तेही ओळख होऊन चार वर्षं झाल्यावर.

त्या दिवशी त्यांनी पलंगाखालून ती काढली, चादर सोडली. परातीएवढी, मध्ये फुगीर, मध्यावर भोक, आणि काळीकुट्ट. अंगभर बारीक गोल रेघा. मी सवयीने ओढणीचं टोक पुढे केलं, जरा पुसावी म्हणून. चाचा केवढ्याने ओरडले! मी दचकून मागे सरले. मग त्यांनाच वाईट वाटलं. म्हणाले, "बेटी, ही घाण नाही. धूर आहे, घाम आहे, माझ्या बोटांचं तेल आहे. हे अंगावर आहे म्हणून ती किंचाळत नाही, कोरडं बोलते. हे गेलं की ती गेली." लोरेन म्हणे रस्त्यातून येतानाच त्या आवाजावरून ओळखायची की नवरा आज कुठल्या क्लबात आहे.

"मग वाजवा ना एकदा," मी म्हटलं.

चाचांनी भिंतीकडे पाहिलं. पलीकडे एक सुदानी कुटुंब राहतं. "आज नको," म्हणाले आणि चादर गुंडाळली.

एव्हाना रियाध पार पालटलं होतं. ज्या शहरात सिग्नलला गाडी थांबली की आम्ही टेप बंद करायचो, तिथे कॅफेत गिटारी वाजायला लागल्या होत्या. अशात एक दिवस फहद नावाचा सौदी तरुण चाचांचं दार ठोठावत आला. हातात तीच रेकॉर्ड, अर्ध्या कानाची. हा पोरगा जॅझचा वेडा, स्वतः बास गिटार वाजवतो. इंटरनेटवर शोधत शोधत त्याला पत्ता लागला होता की यूजीन टेट मेलेला नाही, आपल्याच गावात मलाझला राहतो. तो रडायचाच बाकी होता. शहराबाहेर एका जुन्या गोदामात त्यांचा कार्यक्रम व्हायचा होता. चाचा, दोन गाणी तरी वाजवा, म्हणून पाय धरून बसला.

चाचा नाही म्हणाले. पुन्हा नाही म्हणाले. मग त्यांनी ते सहज नाओमीला फोनवर सांगितलं. बाप-लेकीचं बोलणं ईदला आणि तिच्या वाढदिवसाला, एवढंच. लोरेन आदल्या वर्षीच वारली होती. नाओमी म्हणाली, "मी येते."

त्या शुक्रवारी चाचा चहाला आले ते कप हातात धरून नुसते बसले. बोटंसुद्धा गप्प. मग म्हणाले, "शबनम, ती काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, आईचं सगळं माझ्याकडे आहे. तिचा आवाज टेपवर आहे, तिचे कपडे आहेत, तिच्या हातच्या लोणच्याचीसुद्धा एक बरणी आहे. तुझं माझ्याकडे काहीच नाही. त्या झांजेचं आई मरेपर्यंत सांगत होती. मला ती ऐकायचीय, समोर बसून, तुझ्या हातून. एवढं दे, मग मी तुला कधी काही मागणार नाही." चाचांनी डोळे पुसले. "बेटी, मी तिला शाळेत सोडलं नाही, तिच्या लग्नाला गेलो नाही. एवढं तरी मला दिलंच पाहिजे."

त्यांनी फहदला होकार कळवला. कार्यक्रमाचा गुरुवार ठरला. फहदच्या खोलीवर जाऊन ड्रमवर हात साफ करायला लागले. झांज मात्र नेली नाही. तिला म्हणे त्या दिवशीच उठवायचं, पोरीसमोर. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, पण आपण कोण सांगणारे?

नाओमी येणार म्हणून चाचांनी घर रंगवायला काढलं, आणि रंगाचं काम चालू असताना तीन दिवस मक्केला जाऊन उमरा करून येतो म्हणाले. वाजवण्याआधी त्यांना तिथे जाऊन यायचं होतं. निघताना चादरीत बांधलेली झांज माझ्याकडे दिली. "रंगवाल्यांचा भरवसा नाही. सांभाळ." मी ती आमच्या कपाटावर, बॅगांच्या मागे ठेवली. इसहाकना म्हटलं, "चाचांचं सामान आहे, हात लावू नका." अम्मी तेव्हा नमाजला बसली होती.

आणि त्या तीन दिवसांतच आमच्या क्लिनिकमधली दुसरी रिसेप्शनिस्ट सुट्टीवर गेली. मी सकाळी जायची ती रात्रीच उगवायची. घरात काय चाललंय याचा मला पत्ता नाही.

मंगळवारी मी दुपारीच घरी आले, आणि दहा मिनिटांत चाचाही खाली आले. डोकं तुळतुळीत, चेहरा उजळलेला, हातात आमच्यासाठी जमजमचं पाणी आणि खजूर. अम्मीने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि माझ्याकडे बघून हसली. या बाईचं ते हसणं मी ओळखते. डबे उतरवल्यावर हसली होती तेच.

"युनूसभाय, डोला मिट," म्हणाली. आत गेली. ओढणीखाली झाकून काहीतरी घेऊन आली आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

या अल्ला! आरसा होता आरसा. ट्यूबलाइट त्यात दिसत होती. काळ्याचा ठिपका कुठे उरला नव्हता, आणि मधल्या भोकात पितळेची गोल मूठ बसवलेली.

"काय झालं होतं गो त्याचं!" अम्मी सांगत होती. "कपाटावरची धूल पुसायला गेलंय तर हा सापडला. इसहाक बोलला, युनूसभायच्या पातेल्याचं झाकण. म्हटलं, बायकोमाणूस नाय घरात, बापड्याच्या झाकणाची काय दशा झालीय. आता लेक येणार अमेरिकेतून, ती काय म्हणंल? चिंच लावली, मीठ लावलं, राख लावली. दोन दिवस घासतंय. तरी रेघांतलं काळं निघंना. मग इसहाकला म्हटलं, तुझ्या वर्कशॉपात ने."

इसहाक रेलिंगच्या वर्कशॉपमध्ये फोरमन आहेत. तिथे स्टील चमकवायचं मशीन आहे, गरागरा फिरणारं. दारात उभे राहून आमचे हे अभिमानाने म्हणाले, "बफिंग मारलं. मूठही बसवली. एकदम नवीन, चाचा."

मी इसहाककडे बघितलं. 'हात लावू नका' म्हटलेलं या माणसाच्या एका कानातून गेलं आणि दुसऱ्यातून बाहेर पडलं होतं. आईने सांगितलं ना, मग बायको काय बोलली ते कोण लक्षात ठेवतो!

 चाचांनी अंगठा कडेवरून फिरवला. बारीक रेघा होत्या तिथे आता काही नव्हतं. मग नखाने एक टिचकी मारली आणि मान कलती करून ऐकलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. माणसाच्या चेहऱ्यावरून रक्त उतरतं म्हणतात ते मी क्लिनिकमध्ये पुष्कळ बघितलंय, पण त्या दिवसासारखं नाही.

"माशाअल्लाह," ते म्हणाले. "बहुत अच्छा, अम्मा. शुक्रिया." अम्मीचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. मग झांज काखेत धरली आणि हळूहळू जिना चढून गेले.

दार लागल्याबरोबर मी तोंड उघडलं, पण इसहाकसमोर आणि अम्मीसमोर काय बोलू? आधी चाचांना बघायला हवं होतं. मी धावत वर गेले. नव्या रंगाचा वास मारत होता. चाचा जमिनीवर बसले होते. मूठ काढून टाकलेली, झांज बोटावर तोललेली, दुसऱ्या हातात काठी. त्यांनी मारली. टण्ण! आमच्या मोरीत परात पडावी तसा आवाज. आणि बराच वेळ तो थांबेनाच.

"गेली," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "चाचा, मी आत्ता जाते खाली. सोळा वर्षं मी गप्प बसलेय, आज नाही बसणार. हिला सांगते हिने काय करून ठेवलंय ते."

"एक शब्द बोलायचा नाही," चाचा म्हणाले, आणि असे म्हणाले की मी जागची हलले नाही. "तिने दोन दिवस हात झिजवलेत. माझ्यासाठी एवढं कोणी केलंय? गुरुवारी तिला पुढची खुर्ची दे."

"आणि नाओमी?"

"फहदकडे एक जुनी झांज आहे. बरी आहे. नाओमीने माझी कधी ऐकलेली नाही. तिला कुठून कळणार?"

"तुम्हाला कळेल ना, चाचा."

ते झांज पुन्हा चादरीत गुंडाळायला लागले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मला तेव्हा दिसला. खाली येऊन मी दोन दिवस त्या मायलेकरांशी कामापुरतं बोलले. अम्मी इसहाकना म्हणाली, "तुझ्या बायकोचं कायतरी बिनसलंय. म्हाताऱ्याने माझी तारीफ केली ती तिला बघवली नाय." घ्या! करावं एकाने आणि झुरावं दुसऱ्याने.

गुरुवारी रात्री इशाच्या नमाजानंतर आम्ही सगळे गेलो. अम्मीने ठेवणीतला सलवार-कुर्ता घातला होता. पुढच्या रांगेत अम्मी, मी, इसहाक आणि आमच्या बाजूला नाओमी. चाळिशीची बाई, बापासारखी उंच, हातात रुमाल आधीच तयार. अम्मीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, गालाला हात लावून बोटं मोडली. भाषा एकमेकींची एक अक्षर कळत नव्हती, पण दोघींचं छान चाललं होतं.

स्टेजवर चाचांच्या बाजूला दोन झांजा होत्या. उजवीकडे फहदची, मळकट पिवळी. डावीकडे आमची, दिव्यांत अशी झगझगत होती की डोळे दिपावेत. अम्मीने मला कोपर मारलं. "बघ कशी दिसतंय."

वाजवायला लागले आणि मी चाट पडले. आमच्याकडे चहा पिताना कपाची दांडी धरायला त्रास होणारा तो हात असा चालत होता की बस. ड्रमवर तारांचा ब्रश फिरवला तो इतका हलका की भाताचं पाणी निथळावं. मग काठी फहदच्या झांजेवर गेली आणि तव्यावर तीळ तडतडावेत तसं बारीक, सतत, गोड काहीतरी सुरू झालं. नाओमी रडत होती. मीही रडत होते. मला वाटलं, फहदची झांज जर अशी, तर ती कशी असेल?

एका गाण्याच्या शेवटी त्यांनी समोर अम्मीकडे पाहिलं. तिच्या मानासाठीच बहुतेक, डावा हात उचलून आमच्या झांजेवर एकदा मारला. टण्ण! मागचे दोघं-चौघं हसले. फहदने वळून बघितलं. त्यानंतर चाचांनी तिला हात लावला नाही.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ते संपल्यावर नाओमी स्टेजवर गेली, बापाला मिठी मारली. मी आणि अम्मी शेजारीच होतो. तिने विचारलं, "डॅड, आई सांगायची ती कुठली?"

चाचांनी क्षणभरही वेळ न लावता फहदच्या झांजेकडे बोट केलं. "ही."

"एकदा वाजव. एकटीच."

चाचांनी वाजवली. ती डोळे मिटून उभी, हातात फोन धरून रेकॉर्ड करत. आवाज पूर्ण विरेपर्यंत तिने डोळे उघडले नाहीत. मग म्हणाली, "आई सांगायची अगदी तश्शी." बापाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

मी भाषांतर केलं नव्हतं. पण अम्मी काय खुळी आहे? बाणकोटात एकही लग्न तिच्या डफाशिवाय झालेलं नाही. चांगला वाजणारा आणि फुटका, दोन्ही तिला अंधारात कळतात. चाचांनी बोट कुठे केलं ते तिने पाहिलं होतं आणि 'टण्ण'ही ऐकलं होतं. गाडीत बसल्यावर तिने ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "शबनम, तो झाकण नव्हता ना गो?"

"नाही, अम्मी."

"माझ्या हातून बिघडला?"

सोळा वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्यासमोर आलं होतं. शपथेवर सांगते, मला काडीचा आनंद झाला नाही. "हो," एवढंच म्हणाले. खोटं बोलून उपयोगच नव्हता.  इसहाक गाडी चालवत होते, त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याआधीच अम्मी जिना चढायला लागली. गुडघे तिचे कामातून गेलेले, प्रत्येक पायरीवर "या अल्ला". मी मागोमाग. नाओमी हॉटेलवर होती, चाचा एकटेच होते. अम्मी दारातच खाली बसली आणि ओढणी पुढे पसरली. "युनूसभाय, मला माफ कर. माझं चुकलं."

चाचा घाईघाईने पुढे आले. तिला उठवायला लागले, ती उठेना. शेवटी तेच तिच्यासमोर फरशीवर बसले. त्यांच्या त्या हिंदीत एकेक शब्द शोधत बोलायला लागले.

"अम्मा, तू दोन दिवस हात लावलास. त्याच्याआधी अडतीस वर्षं ती त्या चादरीत होती. माझी मुलगी छोटी होती, तेव्हा तिला इथे बोलावून ऐकवता आली असती. नाही ऐकवली. लोरेन जिवंत होती, तिला फोनवर ऐकवता आली असती. नाही ऐकवली."

"का रे?"

"आधी शेजाऱ्यांना भ्यालो. मग घरमालकाला. मग नोकरी जाईल म्हणून. मग सगळीकडे गाणी वाजायला लागली, तर हात चालणार नाहीत म्हणून भ्यालो."

"आणि अल्लाला?"

"त्याला मी विचारलंच नाही, अम्मा. लोकांनाच विचारत राहिलो. त्याला विचारलं ते आत्ता कुठे, मक्केत."

अम्मीने त्यांच्याकडे बघितलं. आणि माफी मागायला आलेल्या त्या बाईचा पारा असा काही चढला की मी घाबरले. "अरे मेल्या!" ती ओरडली. "अडतीस वर्षं! मी काय बिघडवला होता तो तेव्हा? चांगला होता ना तेव्हा? दार लावायचंस, खिडकी लावायचीस, वर गोधडी टाकायचीस, पण एकदा तरी वाजवायचा होतास रे! खापर फोडायला मी मिळालंय आता. पण तेव्हा कोणी धरला होता तुझा हात? सांग ना! कोणी?"

 चाचांची बोटं फरशीवर होती, अगदी स्थिर. खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

"कोणी नाही, अम्मा," ते म्हणाले. "कोणीच नाही."